जहाजावरच्या सुताराचा रंधा

बुडालेली जहाजं शोधून त्यांचा अभ्यास करणं हे भाचीचं काम, आणि आत्याच्या मते ते कामच नव्हे. "बुडालं ते बुडालं. नसती उठाठेव!" असं ती येताजाता सुनवायची. पण भाची समुद्रावरून आली की कोरडा टॉवेल आणि गरम चहा घेऊन उभी राहणारीही तीच.

या वेळचं जहाज मात्र घरचं होतं. आत्याचे वडील त्यावर सुतार होते. ती लहान असताना जहाज वादळात गेलं, आणि गल्लीभर आवई उठली की सुतार आधीच्याच बंदरात उतरला, तिकडे दुसरा संसार थाटून बसला. बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? पोरीने ते खरं मानलं. तेव्हापासून तिच्या तोंडी बापाचं नाव एकच, 'तो पळपुटा'. भाचीला आजोबांविषयी याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

"सापडलं का काही?" भाजी निवडताना आत्याने विचारलं. सोयरसुतक नसल्यासारखा आवाज काढला, पण भाजीतली चांगली पानं कचऱ्यात आणि सडकी ताटात जात होती.

भाचीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "सुताराची पेटी. करवत, पटाशा, हा रंधा. पण एवढ्यावरून आजोबा जहाजावर होते असं नाही म्हणता येत, आत्या. जहाजाचीही हत्यारं असतात. हा रंधा तर बिघडलाय. मुठीचं लाकूड मध्येच फुगलंय, तशी नोंद केली मी."

आत्याने चष्मा लावला. फोटोवर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"फुगलं नाही गं. मधलं बोट नव्हतं त्याला, करवतीत गेलं होतं. तिथे पोकळी राहायची, पकड सुटायची. म्हणून मूठ स्वतः घडवली, मध्ये उंचवटा ठेवून."

भाची ओशाळली. तो उंचवटा तिने पट्टी लावून मोजला होता आणि पाण्याला दोष देऊन मोकळी झाली होती.

"पळून जाणारा सुतार पेटी मागे ठेवतो होय?" आत्याचा आवाज चिरकला. "तिकडे पोट कशावर भरणार? जन्मभर शिव्या घातल्या गं मी."

भाचीने तिचा हात धरला. पुढचं सांगणं जिवावर आलं होतं, पण लपवून चालणार नव्हतं. "रंधा वर नाही आणता येणार, आत्या. इतकी वर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड वाळलं की तडकतं, त्याचा भुगा होतो. ते टिकवायची सोय आमच्याकडे नाही. उद्या सगळं परत वाळूखाली झाकायचंय."

आत्याने पदराने डोळे पुसले. मग चष्माही पुसला.

"कोण झाकणार?"

"ज्याची पाळी असेल तो."

"पाळीबिळी काही नाही. तूच झाक. बाबांच्या हत्यारांना परक्याने हात लावलेला त्यांना खपत नाही."