कमलाकांतच्या नावाचं बिल

ते क्रेडिट कार्ड टपालाने आलं आणि आमच्या घरात सवत आली. आमचे हे, कमलाकांत, बोईसरला औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. बँकेचा टायवाला पोरगा कँटीनमध्ये येऊन यांच्याकडून फॉर्म भरून घेऊन गेला होता. दांडीसारख्या मच्छीमारांच्या गावातून आलेल्या माणसाला एवढा मान कुठे मिळतो? सदऱ्याच्या खिशात ते कार्ड असं ठेवायचे की कोपरा बाहेर दिसावा. वापरलं मात्र एकदाच. प्रेशर कुकर घेतला, आणि पैसे फिटेपर्यंत यांच्या जिवाला घोर.

मे महिन्यातल्या एका रविवारी हे रुमालाने कार्ड पुसत बसले होते आणि माझं डोकं फिरलं. "तिच्याशीच लगीन करायचं व्हतं," मी म्हटलं. शब्दाला शब्द वाढला. वाढलेलं ताट तसंच टाकून हे दांडीला गेले, धाकट्या भावाकडे. जानूभाऊजींच्या होडीवर एक माणूस कमी होता, म्हणून हे चढले. दुपारी वारं फिरलं आणि होडी उलटली. जानूभाऊजी पोहत किनाऱ्याला लागले. यांचं अंगही सापडलं नाही.

"अंगावर काय व्हतं यांच्या?" मी जानूभाऊजींना विचारलं.

"सदरा व्हता, वयनी. तोच, खिशावाला," ते खाली बघत म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, दिवस करू. मी म्हटलं, आधी अंग दाखवा. लहानपणापासून पाण्यात वाढलेला माणूस किनाऱ्याजवळ बुडतो कसा? माझ्यावर रागावून कुठेतरी निघून गेले असतील, दुसरं काय. रागावलेले मला चालत होते. मेलेले चालणार नव्हते. मी कुंकू पुसलं नाही, बांगड्याही काढल्या नाहीत.

बोईसरजवळ सरावलीच्या आमच्या खोलीत मी एकटी राहू लागले. गोळ्यांच्या पाकिटांना लेबलं लावायचं काम मिळालं. दिवस कसाबसा जायचा, पण संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हात आपोआप दोन माणसांचं पीठ काढायचे. शेजारची नर्मदा नाशिककडची, एरवी दिवसातून चारदा डोकावणारी. वटपौर्णिमेला मला बोलवायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती माझ्या दारावरून हळूच, चपला हातात घेऊन गेली. मी एकटीच वडाला जाऊन आले. बायका बाजूला सरल्या. मला सगळ्यांचा राग आला, आणि वडाचाही आला.

आणि जुलैत बिल आलं.

मी दहावीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचते. वापी, बुटाचं दुकान. वापी, हॉटेल. तारखा जूनच्या होत्या, होडी उलटल्यानंतरच्या. सदरा अंगावर होता, कार्ड सदऱ्यात होतं, म्हणजे हे वापीत होते! बूट कशाला घेतले असतील? यांचे पाय पसरट, जन्मात कधी बूट चढले नाहीत. पण नवी नोकरी लागली असेल, साहेबाला बूट लागत असतील. आणि हॉटेल. त्या ओळीवरून मी किती वेळा बोट फिरवलं असेल. माझ्या घरातून उपाशी गेले होते ना! जेवले, बाई, जेवले कुठेतरी.

मी बँकेला काही कळवलं नाही. कळवलं असतं तर कार्ड बंद झालं असतं, आणि मग यांची खबर कोण देणार? बिलावर खाली लिहिलेली कमीत कमी रक्कम मी माझ्या पगारातून भरली. उरलेल्यावर व्याज चढत होतं, चढू दे म्हटलं. पोस्टमनची सायकल वाजली की मी हात पुसत दाराशी धावायचे. नवऱ्याची अशी वाट मी लग्नानंतरही पाहिली नव्हती.

ऑगस्टच्या बिलात पुन्हा एक हॉटेल होतं, आणि त्याखाली पालघरचं रंगमोहिनी साडी सेंटर. पालघर! म्हणजे हे जवळ आले होते. साडी घेतली होती. रुसलेला नवरा साडी कुणासाठी घेतो? नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. त्या दिवशी दर्याला नारळ द्यायला आमचा माणूस कुठेही असला तरी गावी येतोच.

पौर्णिमेला मी हिरव्या बांगड्या भरल्या, गजरा माळला आणि दांडीला गेले. ओटीवर सासूबाई मला बघून तोंड फिरवून बसल्या. जाऊ, हिरा, नारळ घेऊन बाहेर आली. तिच्या अंगावर नवी कोरी साडी होती, लाल काठाची. आत खुंटीला पिशवी लटकत होती. त्यावर मोठ्या अक्षरांत रंगमोहिनी साडी सेंटर.

मी वाचलं आणि परत वाचलं. मग घरामागे गेले. जानूभाऊजी जाळ्यापाशी उभे होते. पायात काळे बूट.

"ते बूट काढा," मी म्हटलं.

त्यांनी काढले. मी काही विचारायच्या आत ते बोलू लागले. "होडी गेली, वयनी. लोकांचं देनं व्हतं, घरात दाना नव्हता. कार्ड दिसलं. पन अनवानी मानसाकडनं कोन घेनार ते? म्हनून आधी बूट घेतलं."

"आनि हॉटेलात कोन जेवलं?"

"मीच," ते म्हणाले आणि रडायला लागले.

"सदऱ्यासकट गेले म्हनालात."

"नाय. सदरा घरी काढून ठेवला व्हता दादानं. कार्डाला पानी लागंल म्हनाला. बनियानवर गेला."

म्हणजे ज्या कार्डावर मी रागावले, तेच जपून हे पाण्यात गेले होते.

"पैशाचं मागनं बगू," मी म्हटलं. "सदरा द्या माजा."

त्यांनी आतून आणून दिला. मी त्यात तोंड खुपसलं. नुसता साबणाचा वास.

"हिरानं धुतला, वयनी. इस्त्री पन केली. दुकानात तोच घालून जायचो."

मला त्यांना मारावंसं वाटलं. मारलं नाही. सदरा उराशी धरून ओटीवर आले आणि सासूबाईंना म्हटलं, "आय, दिवस करा."

गवताचा पुतळा केला, त्याला तो सदरा घातला आणि अग्नी दिला. माझ्या बांगड्या सासूबाईंनी उतरवल्या. मी रडत नाही म्हणून बायका कुजबुजत होत्या. कार्ड मी जानूभाऊजींकडून मागून घेतलं आणि स्वतः कात्रीने कापून बँकेला पाठवलं. सगळं देणं जानूभाऊजी फेडतील असं सासूबाईंसमोर कबूल करून घेतलं. एक पैसा सोडला नाही.

सप्टेंबरात पोस्टमन पुन्हा यांच्या नावाचं पाकीट टाकून गेला. सवयीने मी हात पुसून ते घाईघाईने उघडलं. वापी नव्हतं, पालघर नव्हतं. नुसतं व्याज होतं. मी हॉटेलची ओळ शोधत होते. खालपर्यंत शोधली, कागद उलटा करूनही पाहिला. या महिन्यात हे कुठेच जेवले नव्हते.

मग मी रडले. नर्मदा दारात आली, आणि या वेळी आत आली.