गेटाबाहेरचं बाकडं

"इतके दिवस झाले, एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! यांना न्याय नकोच आहे," माझ्यावर धपकन बसत वकील भार्गवीबाई पुटपुटल्या. मला बोलता येत असतं ना मित्रांनो, तर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

मी एक जुनं बाकडं आहे. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्यात, एका रंगाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये माझं आयुष्य गेलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर डबे उघडायचे, लोणच्याच्या फोडी इकडून तिकडे फिरायच्या. माझा एक पाय डुगडुगायचा. नागनाथ नावाच्या कामगाराने त्याला पट्टी ठोकली आणि म्हणाला, "आता हत्ती बसला तरी हलायचं नाही!" माझं कौतुक काय ते तेवढंच.

मग कारखान्याला आग लागली. कितीतरी माणसं गेली, नागनाथही गेला. कँटीन अंगणापलीकडे, म्हणून मी वाचलं. लोकांना फुकट वकील मिळावेत म्हणून मदतकेंद्र निघालं. चांगलंच झालं. पण काढलं कुठे? याच कँटीनमध्ये! छप्पर मालकाचं, पंखा मालकाचा, चहासुद्धा मालकाचा. वर दारात मॅनेजर वादिराज उभे, "या, या, मनमोकळं बोला" म्हणत. बोलतंय कोण, कपाळ!

नागनाथची बायको यल्लव्वा रोज यायची. निपाणीकडची, मराठी बोलणारी. माझ्या टोकाला, त्या पट्टीजवळ बसायची. कंपनीचं म्हणणं, आग लागल्यावर नागनाथ स्वतःची पिशवी आणायला मागे गेला. चूक त्याची, भरपाई मिळणार नाही. यल्लव्वा दाराकडे बघायची आणि चहा तसाच ठेवून निघून जायची. वकील म्हणायचे, बाई घाबरट आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी बाकडी सहसा विनवतात, आम्हाला पुसा, उन्हापावसात टाकू नका. मला खुशाल टाका. पण होरपळलेल्या माणसाला "बस, बोल" म्हणाल, तेव्हा बाकडं कोणाच्या छपराखाली ठेवलंय, तेवढं आधी बघा.

आज यल्लव्वा उठली, पण गेली नाही.

"अक्का, इथं नको."

"मग कुठे?"

तिने वाकून माझं एक टोक उचललं. भार्गवीबाईंनी दाराकडे पाहिलं, दारातल्या वादिराजांकडे पाहिलं, आणि दुसरं टोक धरलं.

"अहो, बाकडं कंपनीचं आहे!" वादिराज ओरडले.

"पाय माझ्या नवऱ्यानं बसवलाय," यल्लव्वा म्हणाली. "मी पायच नेतीया. वरचं त्याच्यासंगं येतंय, त्याला मी काय करू?"

गेटाबाहेर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली मला टेकवलं. कारखान्यातल्या बायका कोणी न बोलावता भोवती येऊन उभ्या राहिल्या. यल्लव्वा बसली. पदराने तोंड पुसलं.

"पिशवी आणायला न्हाई गेला तो. बाहेर पडायला मागच्या दाराकडं गेला. दाराला बाहेरनं कुलूप होतं, अक्का. रोज असायचं."