मी ओरिनच्या ओठावरची मिशी

मी एक मिशी आहे. हो, खोटी! पण माझ्यातला केस न् केस खरा, ओरिन टटलच्या आईच्या तांबूस वेणीतला. त्या काळी हॉलिवूडचे नट रंगपेटी आणि दाढ्यामिशा घरूनच आणायचे. ओरिन सव्वीस वर्षांचा, पण मला डिंकानं चिकटवली की पन्नाशीचा न्यायाधीश व्हायचा. फिल्मवर तांबडं काळंच उमटायचं, त्यामुळे पडद्यावर मी काळीकुळकुळीत!

ओरिनला मात्र दिग्दर्शक व्हायचं होतं. एकदा स्टुडिओचे मालक, थोरले साहेब, त्याला म्हणाले, "दोन दिवस देतो. उद्या ऊन उतरायच्या आत चित्र संपव. बिघडलं, तर दिग्दर्शकाच्या भोंग्याला पुन्हा हात लावायचा नाही."

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता! ओरिननं न्यायाधीशाचं कामही स्वतःकडेच घेतलं. पहिल्या दिवशी आम्ही चित्रातल्या विधवेच्या घरातून बाहेर पडलो. आत शिरायचं दृश्य दुसऱ्या दिवशी होतं. तिथे असंच उलटसुलट चालतं. आणि ते घेताना गडबडीत पठ्ठ्या मला पेटीतच विसरला! कॅमेरावाल्याचं सगळं लक्ष उन्हाकडे. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

चित्राचे तुकडे जोडणारी मिनर्वा कालची फिल्म घेऊन आली आणि ओरिनकडे बघतच राहिली.

"अरे शहाण्या, सफाचट आत गेलास आणि मिशी घेऊन बाहेर आलास! आत काय खत घातलंस?"

पुन्हा आत शिरावं, तर विधवेचं दार सुतारांनी केव्हाच उखडून नेलं होतं. ऊन राहिलं होतं अर्ध्या तासाचं. ओरिन खोक्यावर मटकन बसला. मला रडूच आलं.

मग एकदम उठला. "खत नाही, डिंक! हा न्यायाधीशच तोतया आहे! आत जाऊन मिशी लावतो! आरसा आणा! कॅमेरा जवळ घ्या, अजून जवळ!"

घाईघाईत मी तिरकी बसले, त्यानं पुन्हा लावली. सगळ्या पडद्यावर मी एकटी! चित्र बघताना साहेब हसून हसून खुर्चीतून घसरले.

"कधी सुचलं रे हे?"

"पहिल्यापासून मनात होतं, साहेब," ओरिन बेधडक म्हणाला. मिनर्वाला ठसका लागला.

पुढे त्यानं चाळीस चित्रं केली आणि मिनर्वाशी लग्नही. मी मात्र बोलपट आल्यापासून कपाटात आहे. डिंक वाळलाय, चार केस गळालेत.

आज ओरिनचा सत्कार आहे. दोघं नटूनथटून निघालीत. अरे ओरिन, पुन्हा विसरलास! मला ने रे!

दाराशी ओरिनची काठी थांबली.

"मिनर्वा, मी सफाचटच निघालो की गं!"

पेटीचं झाकण उघडतंय. बाबा रे, डिंक जरा सढळ हातानं लाव. आता मला सुटायचं नाही.