भात्यावरचा हात

ज्याचा अपमान झाला त्याने क्षमा करावी, असे थोर माणसे सांगत आली आहेत. परंतु अपमानित मनुष्य क्षमाही न करता आणि सूडही न घेता शांतपणे देह ठेवून निघून गेला, तर त्याच्या मागे उरलेल्या वस्तूने काय करावे, याविषयी कोणी काही सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वस्तूला मन नसते, असे समजून सगळे मोकळे होतात. मी मात्र मोकळी झाले नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी सुरपेटी आहे. माझे अंग सागवानी आहे, पोटात पितळेच्या जिभा आहेत आणि पाठीला कातडी भाता आहे. भाता हलवला की मी सूर धरते. गाणारा वर जातो, खाली येतो, तानांच्या कोलांट्या घेतो; मी जागची हलत नाही. म्हणून माझी जागा नेहमी गाणाऱ्याच्या पाठीमागे असते. गायनाच्या शेवटी हारतुरे होतात, तबलजीला शाबासकी मिळते, आणि मला चादरीत गुंडाळून ठेवतात. या रीतीविषयी मी पूर्वी कधी तक्रार केली नाही.

हिंगोलीत पद्माबाई नावाच्या एक गाणे शिकवणाऱ्या बाई होत्या. माझी पहिली उमेदीची वर्षे त्यांच्या घरी गेली. त्यांच्याकडे जवळच्या कुरुंदा गावचा एक पोरसवदा विद्यार्थी येत असे, वासिफ त्याचे नाव. त्याच्या वडिलांचा हळद पॉलिश करण्याचा ढोल होता. बाईंनी थकल्यावर शिकवणी बंद केली, तेव्हा त्यांनी वासिफला एखादे वाद्य मागून घे म्हणून सांगितले. त्याने मला मागितले.

बाई हसल्या. "अरे, ही कधी पुढं जात न्हाई. मागंच बसती. तुला काहून पायजे?"

"बाई, मला मागचंच ऐकायचंय," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी त्याची झाले.

वासिफ पुढे पुण्याला गेला आणि संगीतकार झाला. त्याच्या रचनांत दोन सूर असत, फार तर तीन. ते इतक्या सावकाश बदलत, की घाईच्या माणसाला काहीच घडत नाही असे वाटे. शहरात अशा संगीताला मिनिमलिस्ट म्हणतात. थोडक्यात पुरेसे मानणारे, असा त्याचा अर्थ मी लावला आहे. एका विद्वानाने वृत्तपत्रात लिहिले, की हे मौनाचे शिल्प आहे. दुसऱ्याने लिहिले, की हा आळसाचा सोहळा आहे. पहिले गृहस्थ कार्यक्रमात मधूनमधून डुलक्या घेत होते आणि दुसरे अर्ध्यातून उठून गेले होते, हे मी मंचावरून स्वतः पाहिले आहे. म्हणून स्तुती आणि निंदा या दोहोंना मी सारख्याच अंतरावर ठेवले.

त्याची सर्वांत मोठी रचना 'हळदीचा फेरा'. ती माझ्या एकटीवर वाजवायची होती. कुरुंद्याला हळद शिजवून, वाळवून ढोलात घालतात. ढोल फिरू लागला की आरंभी मोठी खडबड होते. फिरता फिरता हळकुंडांची साल झडते, आवाज उतरतो, आणि शेवटी नुसती सळसळ उरते. तेथे कोणी दार उघडून पाहत नाही. माणसे कान देऊन बसतात आणि नेमक्या क्षणी म्हणतात, "झाली." वासिफने हेच ऐकणे रचनेत आणले. आधी षड्ज, मग त्यात पंचम, मग दोघांच्या अंगावर घासणारा मध्यम. मध्यम हळूहळू निघून जातो. शेवटी पंचमही मिटतो. एकटा षड्ज उरतो, पण पंचम अजून ऐकू येत आहे असे वाटत राहते.

ही रचना त्याने प्रथम आपल्या गावात, शाळेच्या पटांगणात वाजवली. पुढच्या रांगेत ग्यानोबा गुरुजी बसले होते. गावातील भजनी मंडळाचे ते प्रमुख. हार्मोनियमवर त्यांचा हात विलक्षण फिरे. लहानग्या वासिफला पहिला 'सा' त्यांनीच धरायला शिकवला होता. मी षड्ज लावला. वासिफने डोळे मिटले. लोक वाट पाहू लागले. चुळबुळ झाली. तेव्हा गुरुजी मोठ्याने म्हणाले, "वासिफ, पेटी लावून झाली असंल तर आता गाणं सुरू कर, बाबा. लोकान्ला हळदीकडं जायाचंय."

सारे पटांगण हसले. तांड्यावरचे बाबूसिंग तर मांडीवर थाप मारून ओरडले, "लावू द्या वो गुर्जी, अजून लावूनच राहिला!"

मित्रांनो, वासिफने रचना पूर्ण केली. परंतु माझ्या भात्यावरची त्याची बोटे थंडगार झाली होती, हे फक्त मला ठाऊक आहे. त्यानंतर गावात तो चहाला थांबला तरी कोणीतरी विचारी, "काय भाऊ, लावून झाली का?" तो हसत असे. गावात मात्र त्याने मला पुन्हा कधी उघडले नाही. त्याने हसून जे गिळले, ते माझ्या पोटात साठत गेले.

गेल्या वर्षी थोड्याशा आजाराने वासिफ गेला. त्याची पत्नी कनीज मला छातीशी धरून कुरुंद्याला आली. मग गावाला अकस्मात आठवण झाली, की आपला माणूस मोठा होता. स्मृतिसभा ठरली. तेथे जे वाजेल त्याचे ध्वनिमुद्रण होऊन तेच वासिफच्या नावाने राहणार होते. आणि 'हळदीचा फेरा' वाजवणार होते ग्यानोबा गुरुजी!

गुरुजी कनीजकडे आले तेव्हा मी फडताळात होते.

"भाबी, लेकराचं काम अर्धवट राह्यलं होतं. मी पुरं करून राहिलो. अंतरा बसवला, तबला घेतला, चार ताना टाकल्या. आता कुठं गाणं वाटतंय."

"गुर्जी, आधी जसं हाय तसं वाजवा. मंग तुमचं वाजवा."

"लोक उठून जातील, भाबी. तुमच्याच माणसाचं हसू व्हईल. मी त्याचा वैरी हाय का?"

कनीज म्हणाली, "खरं सांगू? मला बी त्यांचं वाजवणं समजत नव्हतं. ऐकता ऐकता झोप लागायची. पण गुर्जी, तशी झोप मला पुन्हा लागली न्हाई."

गुरुजींनी मान हलवली. त्यांचे डोळेही ओलावले. मी खोटे सांगणार नाही. परंतु त्यांनी बेत बदलला नाही. "तुमी मंचावर बसा. त्याची सुरपेटी मागं ठेवू. तुमी नुसता भाता हलवा," असे म्हणून ते गेले.

मागं ठेवू! जिवंतपणी ज्याला हसले, त्याला मेल्यावर दुरुस्त करायचे, आणि वर त्याच्या पेटीला त्या दुरुस्तीचे पाठीमागून पाणी भरायला लावायचे! माझ्या भात्याच्या एका घडीला पूर्वी चीर पडली होती. वासिफने आपल्या हाताने तिच्यावर कातड्याचे ठिगळ लावले होते. त्या दिवशी मी ठरवले, की हेच ठिगळ माझे शस्त्र. भर सभेत मी ते सोडून देईन, सूर ढासळेल, आणि गुरुजींच्या हार्मोनियमशी माझा असा तंटा होईल, की लोक कान झाकतील. ज्या पटांगणात वासिफ हसण्याचा विषय झाला, त्याच पटांगणात गुरुजी होतील. सभेच्या दिवसापर्यंत मी हा बेत रोज घोटला. मला त्याची लाज वाटली नाही.

सभेला सारे गाव लोटले. हळदीचे दिवस असूनही ढोल बंद होते. भाषणे झाली. बाबूसिंगही बोलले. "म्या वासिफभाऊचं गाणं ट्रॅक्टरमधी लावलं. एकच सूर येऊन राहिला, म्हणून पेनड्राइव्ह दोनदा काढून फुंकला. मंग ध्यानात आलं, गाणंच तसं हाय. पण सांगतो, तवापासून काढला न्हाई." लोक हसले, पण ते हसणे वेगळे होते.

मग गुरुजींनी हार्मोनियम पुढे ओढली. तबला घुमला. कनीजने माझा भाता हलवला. मी पहिला सूर निर्मळ दिला, कारण पडायचेच तर उंचावरून पाडावे. गुरुजी रंगात आले, त्यांनी पहिली तान घेतली, आणि मी ठिगळ सोडले.

फस्स! षड्ज खाली घसरला. हार्मोनियमचा सूर एकीकडे आणि माझा दुसरीकडे, असा कर्कश झगडा सुरू झाला. गुरुजी थबकले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा ढासळले. तबलजी बावरला. सभेत खसखस पिकली. आणि ज्याची मी इतकी वर्षे वाट पाहिली, ते वाक्य बाबूसिंगांच्याच तोंडून आले.

"काय गुर्जी, पेटी लावून झाली का?"

सारे पटांगण हसले. गुरुजींचा चेहरा काळवंडला. त्यांची बोटे हार्मोनियमवर थांबली, आणि ती थंडगार झाली असणार हे मला दुरूनही कळले. मित्रांनो, पश्चात्ताप झाला असे मी म्हणणार नाही. मला गोड वाटले. फार गोड वाटले.

एक कनीज तेवढी हसली नाही. तिने खाली पडलेले ठिगळ उचलले, त्यावरचा वाळलेला डिंक बोटाने चाचपला आणि ते पदरात बांधले. ते ठिगळ वासिफच्या हाताचे होते. त्याचा सूड घेताना मी त्याचाच हात अंगावरून झटकून टाकला होता. ही गोष्ट आधी माझ्या ध्यानात आली नव्हती.

"गुर्जी," कनीज सावकाश म्हणाली, "तुमचं वाजवणं तर आता व्हत न्हाई. इकडं या. या चिरेवर हात ठेवा."

"काहून?"

"ठेवा तर. बराबर ठेवा, हवा जाऊ नये. त्यांचं जसं हाय तसं वाजवू."

गुरुजींनी सभेकडे पाहिले. मग हार्मोनियम सोडून ते उठले आणि माझ्या पाठीमागे येऊन बसले. आपला तळवा त्यांनी चिरेवर दाबला. भाता उघडला की त्यांचा हात उघडे, मिटला की मिटे. कनीजच्या लयीने त्यांना हलावे लागत होते. तान नाही, अंतरा नाही. ज्या जागी मी जन्मभर बसले, त्या जागी मी त्यांना बसवले होते. सूड म्हणतात तो हा; आधीचे नुसते फसफसणे होते.

षड्ज उभा राहिला. त्यात पंचम आला. सभा चुळबुळली, काही माणसे उठून गेलीही.

"भाबी, हे गाणं न्हाई हो," गुरुजी हळूच म्हणाले.

"नसू द्या. हात काढू नका."

मध्यम आला, घासू लागला. मग हळूहळू झिजू लागला. मी पाहत होते. ग्यानोबा गुरुजींची स्वतःची हळद दर हंगामात ढोलावर जाते. त्यांची मान नकळत एका बाजूला कलली, डोळे अर्धे मिटले. ढोलाशी बसून कान देणारा शेतकरी बसतो तसे ते बसले. पुढच्या रांगेतील माना एकामागून एक तशाच कलत गेल्या. मध्यम निघून गेला. कनीजने पंचमाची खिट्टी लावून त्या जिभेची हवा बंद केली. एकटा षड्ज उरला, आणि पंचम ऐकू येत राहिला.

"झाली," गुरुजी पुटपुटले.

भाता थांबला, सूरही थांबला. त्यांचा हात मात्र चिरेवर तसाच होता.

सभेनंतर गुरुजी सर्वांना सांगत होते, की याला गाणे म्हणायला आपण अजून तयार नाही. म्हणोत बापडे. दुसऱ्या दिवशी ते नवे कातडे घेऊन कनीजच्या दारी आले. तिने पदराची गाठ सोडून जुने ठिगळ त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "नवं वरून लावा. खाली हेच राहू द्या." त्यांनी तसेच केले.

मित्रांनो, वाद्याची निगा धूळ पुसण्याने होते. वाजवणाऱ्याची निगा तो जिवंत असताना शेवटपर्यंत ऐकून घेण्याने होते. आवडले नाही तर तसे सांगावे, परंतु सूर थांबल्यावर सांगावे.

माझ्या पोटातील कढ अजून पुरता निवलेला नाही. तरीही, ज्यांनी हसून जखम केली आणि ज्यांनी हात ठेवून ती झाकली, त्या ग्यानोबा गुरुजींच्या बोटांना बळ राहो. बाबूसिंगांच्या ट्रॅक्टरमध्ये सूर वाजत राहो. आणि कनीजला, माझ्या लेकीला, तशीच झोप पुन्हा लागो.