तीनदा विचारलं

या, चटईवर टेका असे. घाई नसेल तर नेई रोतियाची गोष्ट सांगतो, आमच्या विधानसभेच्या चिटणीसबाईची. 'नेई' म्हणजे आमच्याकडं मानानं 'बाई'. पदरचं एक अक्षर घालणार नाही. गरजच नाही.

त्या सकाळी रोतिया मानेआबाच्या मधोमध गुडघ्यांवर बसून संगणकाच्या वायरीवरून मुंग्या झटकत होती. मानेआबा म्हणजे आमचं सभाघर. वर झावळ्या, चारी बाजूंनी मोकळं. विधानसभा तिथंच भरते. अकरा सभासद, अकरा चटया, ज्याची त्याची जागा पणजोबांपासून ठरलेली. समोर पडदा टांगला होता, थोरलीनं पाठवलेला.

थोरली म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या देशाची संसद. सहा वर्षांपूर्वी त्यांची अन् आमची जोडी लागली, कागदावर 'भगिनी-सभागृहं' असं. त्यांचे सभासद दीडशेच्या वर, आमचे अकरा, पण बहीण म्हटलं की बहीण. त्यांनी संगणक दिला, नियमांची जाडजूड पुस्तकं दिली, सभापतींना आपटायला लाकडी हातोडी दिली. आम्ही त्यांना चटया विणून दिल्या. रोतियाला दोनदा तिकडं नेलं, तीन-तीन महिने, कामकाज कसं लिहायचं ते शिकवायला. अन् वर्षातून एकदा दोघींची एकत्र बैठक, या पडद्यावर.

"ए रोते, ते यंत्र आज तरी बोलेल, का गेल्या साली केलं तसं नुसतंच खोकणार?" तेबानोनं विचारलं.

"बोलेल. तू गप बसलास तर ऐकूपण येईल, दादा."

सगळे हसले. तेबानो तिचा सख्खा थोरला भाऊ, उत्तरेच्या वस्तीचा सभासद. तीस वर्षं माडावर चढून माडी काढलेला गडी. पहाटे वर शेंड्याला बसून गायला लागला की खालचे कोंबडे गप व्हायचे. आता चटईवर एक पाय पुढं पसरून बसला होता. प्रवाळाचा चरा, एवढासा. पण रक्तातल्या साखरेनं तो भरू दिला नाही. टाच काळी पडलेली. हातातला पानांचा पंखा तो सारखा हलवत होता, माश्यांसाठी अन् वासासाठीही.

त्या दिवशीच्या बैठकीतलं कलम सात त्याच्यासाठी आहे असं कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या देशाची दवाखान्याची बोट दर तीन महिन्यांनी आमच्या बेटाला लागावी, असं त्यांची समिती लिहून देणार होती. बोटीवर सर्जन, भूल देणारा, सगळं. फक्त आमच्या सभागृहाचा होकार बैठकीत नोंदला जायला हवा होता. आमची नर्स सांगून चुकली होती, पाऊल वेळेत काढलं तर माणूस राहील.

"पाऊल नेलं तर नेऊ द्या," तेबानो म्हणायचा. "विधानसभेत बसूनच बोलायचं असतंय."

त्या दिवशी आभाळ भरलेलं. चित्र अडकायला लागलं तसा पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, चित्र बंद करू, नुसता आवाज ठेवू. पडदा काळा झाला. आवाज मात्र लख्ख यायला लागला, समितीचे अध्यक्ष होलोवे यांचा. हा माणूस दोनदा आमच्याकडं राहून गेलेला. मांडी घालता येईना तरी घालून बसलेला, बाबाईचा, म्हणजे आमच्याकडच्या अळूचा, उकडलेला कंद मागून मागून खाल्लेला, निघताना डोळे पुसलेला. भला माणूस. हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली सहा कलमं रोतियानं वाचली, आवाज चढवून, शिकवलं होतं तशी.

मग होलोवे म्हणाले, "कलम सात. दवाखान्याची बोट. बेटाच्या सभागृहाला हे मान्य आहे का?"

अकराच्या अकरा जणांनी भुवया उचलल्या.

आमच्याकडं 'हो' असंच म्हणतात. तान्हं पोर आधी भुवई उचलायला शिकतं, मग बोलायला. तोंडानं 'हो' म्हणायचं ते परक्याशी. अन् होलोवे आता परके कुठं राहिले होते?

"सभागृहाला मान्य आहे का?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

भुवया आणखी वर गेल्या. म्हाताऱ्या सभापतींच्या तर कपाळावर जागा उरली नाही. तेबानोच्या हातातला पंखा थांबला होता.

"नेई रोतिया, तुम्ही ऐकताय ना? तिसऱ्यांदा विचारतो. मान्य आहे का?"

काळ्या पडद्याकडं बघून रोतियानं भुवया उचलल्या. वर हसलीसुद्धा.

जरा वेळ नुसता वारा. मग होलोवे म्हणाले, "बरं. समजलं मला. आभारी आहे. कलम आठ."

त्यांचा आवाज उतरला होता, हे नंतर सगळ्यांना आठवलं. तेव्हा कुणाचं लक्ष? बैठक संपली, सभापतींनी हातोडी आपटली, दोघांनी बगलेत हात घालून तेबानोला उभं केलं.

"बोटीवरून एका पायानं उड्या मारत उतरणार बघ मी," तो बहिणीला म्हणाला.

"अन् दुसरा?"

"तो होलोवेला भेट. दरवेळी चटई काय द्यायची?"

पुढं रोज दुपारी तो स्वतःला पश्चिमेच्या किनाऱ्यावर न्यायला लावायचा. खडकांच्या रांगेत जिथनं बोटी आत येतात, तिकडं तोंड करून बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, हवा चांगली आहे इथली.

सात आठवड्यांनी बैठकीचं इतिवृत्त आलं. रोतियानं ते कचेरीत उभ्याउभ्याच वाचलं. कलम सातपाशी आली अन् खुर्ची ओढून बसली.

'बेटाच्या सभागृहास तीन वेळा विचारणा करण्यात आली. सभागृह मौन राहिले. सहकार्य-पुस्तिकेच्या चौदाव्या पानानुसार हा नकार समजून, सभागृहाचा मान राखत, विषय मागे घेण्यात आला.'

तिनं कपाटातनं पुस्तिका काढली. चौदावं पान बघायची काही गरज नव्हती, तरी बघितलं.

'या बेटावरची माणसं समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, ती गप्प राहतात. त्यांना तीन वेळा विचारावं. तरी गप्प राहिली तर नकार समजावा. चौथ्यांदा विचारून त्यांना अवघडवू नये.'

लिहिणारी तीच होती. पाच वर्षांपूर्वी, तिकडच्या थंडीत, अंगात दोन स्वेटर घालून लिहिलेलं. थोरलीनं धाकटीला रेटू नये म्हणून. ते पान वाचून दाखवलं तेव्हा तिकडच्या सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या 'नाही'बद्दल तिनं इतकं नीट लिहिलं. 'हो'बद्दल लिहायचं तिला सुचलंच नाही. श्वास कसा घेतो, हे कोण लिहून ठेवतं?

तिनं फोन लावला. होलोवेंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, संसद गेल्या आठवड्यात बरखास्त झाली. निवडणुका लागल्यात. समिती उरली नाही. नवी बसेल ती नव्या वर्षात.

"मी आता नुसता उमेदवार आहे, नेई रोतिया. घरोघर हात जोडत फिरतोय. तरी भेटेल त्याच्या कानावर घालतो."

"घाला, साहेब."

"मी चौथ्यांदा विचारायला हवं होतं."

"पुस्तकात तीनदाच लिहिलंय," रोतिया म्हणाली, अन् तिनं फोन हळूच खाली ठेवला.

तिथनं ती किनाऱ्यावर गेली. तेबानो खोडाला टेकून बसला होता. पाय ओंडक्यावर. ती शेजारी वाळूत बसली.

"काय ग, तोंड का असं? बोटीची काही खबर?"

रोतियानं त्याच्या हातातनं पंखा घेतला अन् त्याच्या पायावर हलवायला लागली.

"या महिन्यात नाही वाटतं?"

ती हलवत राहिली.

"मग पुढच्या?"

समोर भरती चढत होती. खडकांची रांग एकेक करून पाण्याखाली गेली. तेबानो बहिणीच्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्यानं नजर काढून घेतली. चौथ्यांदा काही त्यानं विचारलं नाही.

"जरा जोरानं हलव," तो म्हणाला. "माश्या लई झाल्यात आज."

नवं वर्ष त्यानं बघितलं नाही.

पुढच्या एकत्र बैठकीला नवे अध्यक्ष होते, एक बाई. होलोवे निवडून आले, पण त्या समितीवर बसले नाहीत, म्हणजे त्यांनीच मागितली नाही जागा. त्या दिवशी आभाळ कोरं होतं, पडद्यावर चित्र अगदी स्वच्छ, आमची दहा तोंडं अन् एक रिकामी चटई तिकडं नीट दिसत होती. दवाखान्याच्या बोटीचा विषय निघाला. बाईंनी एकदाच विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रोतिया 'हो' म्हणून अशी ओरडली की पलीकडच्या तंत्रज्ञानं कानावरचं यंत्र उपटून काढलं. आमच्याकडं कुणी हसलं नाही.

बोट आता येते, दर तीन महिन्यांनी. डॉक्टर चांगले आहेत. आली की रोतियाच किनाऱ्यावर उभी राहून नावं घेते. एकेका माणसाला विचारते, तपासायचंय ना? अन् माणूस भुवया उचलतो, तरी ती पुढं सरकत नाही. कागद छातीशी धरून उभी राहते, त्याच्या तोंडातनं शब्द बाहेर पडेपर्यंत. म्हातारी माणसं चिडतात. मागं रांग खोळंबते. ती हलत नाही.

झाली गोष्ट. मघापासून मी बोलतोय अन् तुम्ही नुसते बघताय माझ्याकडं. कळली असेल तर मान डोलवू नका, डोळ्यांनी काही सांगू नका. एकदा तोंडानं म्हणा, हो.