शेंदराखालचे तीन शब्द

मित्रांनो, काष्टीजवळ रुळांपासून हाकेच्या अंतरावर शेंदूर फासलेला म्हसोबा दिसतो ना, तो मी. पण मी देव नाही. मी एक जुना हद्दीचा दगड आहे.

माझा जन्म रावजीशेठच्या हुकमाने झाला. शेठ रेल्वेचे ठेकेदार. रूळ कुठून जाणार हे त्यांना गावाच्या आधी कळे आणि जमीन विकायची बुद्धी गावाला नेमकी तेव्हाच होई. दुष्काळात माणसे मूठभर ज्वारीवर माती वाहत; शेठ त्याला परोपकार म्हणत. आगगाडी सुटली तेव्हा ते हार घालून पहिल्या डब्यात बसले. जमीन काही डब्यात मावेना, म्हणून त्यांनी माझ्यासारखे चाळीस दगड पुरले.

पुढचा ठेका दुसऱ्याला गेला, मुले प्लेगात गेली. म्हातारपणी शेठला बनाजी पाथरवट आठवला. त्याची दोन बोटे शेठच्या सुरुंगात उडाली होती. शेठने त्याचे शेत परत केले आणि माझ्यावर कोरायला लावले, 'येथून पूर्वेस बनाजीचे'. उरलेल्या बोटांनी बनाजीनेच ते कोरले, म्हणून अक्षरे जरा वाकडी आहेत.

लंकाबाई ही बनाजीची पणतसून. शेताचा कागद वाळवीने खाल्ला; साक्षीला उरलो मी. शेजारचा गोरक्ष नांगरताना मला दरसाल वीतभर सरकवायला बघे. मग एका अमावस्येला लंकाबाईने मला शेंदूर फासला, नारळ फोडला.

"आता हलीव की! म्हसोबा हाय त्यो."

गोरक्षाने हात जोडले. त्यानंतर वीस वर्षे मला कोणी हलवले नाही. शेंदूर मात्र सगळ्यांनी लावला. बोटभर थर चढला.

परवा मोजणीदार आले. "पुरावा काय, बाई?"

"ह्यो दगुड. अक्षरं हायेत त्याच्यावर." तिने विळा उचलला. गोरक्ष आता माझ्या नावाने निघालेल्या देवस्थानचा अध्यक्ष. त्याने तिचा हात धरला.

"काकू, देवाला खरवडता व्हय?"

"देव न्हाई रं त्यो! म्याच केलाय त्याला."

"मंग तुमाला लईच पाप लागंल."

गावाने मान डोलावली. मोजणीदारांनी बूट काढून मला नमस्कार केला आणि शेत देवस्थानच्या वहिवाटीत दाखवले.

मित्रांनो, जुन्या दगडांना जपा. पण जपण्याआधी एकदा वाचून घ्या.

लंकाबाई अजून दर अमावस्येला येते. "देवा, आता तूच बोल," म्हणते आणि बोट शेंदरात बुडवून माझ्या तोंडावर आणखी एक थर देते.