स्क्रूभोवतीचं लाकूड

"हाजी, हे बसवलेले दात किडणार नाहीत, पण म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते," डॉक्टर ईनास बाबांना म्हणाल्या होत्या. "किडका दात ठणकतो, माणसाला गप्प बसू देत नाही. हे ठणकणार नाहीत. हिरडीतून रक्त दिसलं की सरळ माझ्याकडे यायचं. दुखायची वाट बघायची नाही."

बाबांनी खुर्चीतूनच हात हलवला. "डॉक्टरीणबाई, उभा जन्म या तोंडात खिळे ठेवले. तिथे तुमचे जंतू काय टिकणार!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. झियाद तेव्हा माझ्या पोटात होता, आणि हसताना मला पोट हातांनी सावरावं लागलं होतं, एवढं आठवतंय.

बाबा सोफ्या-खुर्च्यांना कापड ठोकायचे. फर्निचरसाठी नावाजलेल्या आमच्या दुमयात शहरात हे काम करणारे पुष्कळ, पण बाबांसारखा, हाजी मुतवल्लींसारखा हात कुणाचा नाही, असं लोक म्हणत. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनेच एकेक खिळा वळवून ओठांशी आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तो टिपायचा आणि ठोकायचा. दोन्ही हात मोकळे राहतात, कापड ताणून धरता येतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा खिळे खातात.

त्या खिळ्यांनी आणि साखरेच्या आजाराने खालच्या दाढा गेल्या. समोरचे सहा दात तेवढे उरले, तेही सुजलेल्या हिरड्यांत. कुवेतच्या माझ्या भावाने आग्रह धरला आणि दोन्ही बाजूंना हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढा बसवल्या. त्याआधी डॉक्टरांनी समोरच्या दातांच्या मुळाशी साचलेली घाण काढायला घेतली होती. "जुन्या दातांजवळ जे जंतू राहतात," त्या म्हणाल्या, "तेच नव्यांच्या शेजारी बिऱ्हाड करतात. तुमच्या खऱ्या दाताला हिरडी घट्ट धरून असते. स्क्रूला तशी धरत नाही. एकदा आत शिरले की थेट हाड." बाबा एकदा जाऊन आले आणि पुढे गेलेच नाहीत. "समोरचे अल्लाने दिलेत. त्यांना कशाला खरवडायचं?"

नव्या दाढा बसल्यावर बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कलिंगडाच्या भाजलेल्या बियांचा पुडा आणला. त्यांचे जुने मित्र शहात्ताकाका आणि ते, दोघं कॉफीखान्याच्या बाहेर बसून कटाकट बिया फोडायचे. शहात्ताकाकांनीही त्याच सुमाराला, त्यांच्याच जोडीने दात बसवून घेतले होते. "दोन म्हाताऱ्या खारी," अशी सगळा बाजार त्यांची चेष्टा करायचा.

मग झियाद झाला आणि माझं लक्ष दुसरीकडे कुठे राहिलंच नाही. बाटल्या उकळणं, बुचं उकळणं, आल्यागेल्याला हात धुवायला लावणं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय. घरात सगळे त्यावरून टोमणे मारत. बाळाच्या तोंडाचा पापा घ्यायचा नाही, खजूर स्वतः चावून त्याला चाटवायचा नाही, हे मी सगळ्यांना बजावलं.

"म्हणजे माझं तोंड घाण?" बाबा म्हणाले.

"सगळ्यांचंच असतं, बाबा."

"तुझ्या आईने माझ्याच तोंडातला खजूर तुला चाटवला होता. म्हणून तर एवढी जीभ चालते!"

डॉक्टरांनी त्यांना दाढांच्या खालून फिरवायला बारीक ब्रश दिला होता, झियादच्या बाटलीच्या ब्रशाचं पिल्लू असावं तसा. बाबा दोन्ही ब्रश शेजारी धरून विचारायचे, "आमच्यात लहान कोण?" आणि मग शहाण्या मुलासारखे दाढा घासायचे.

रमजान आला. एका सकाळी ब्रशाला रक्त लागलं. ही गोष्ट त्यांनी मला ईदनंतर, डॉक्टरांकडे गेल्यावर सांगितली. रक्त पोटात गेलं तर रोजा मोडेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मशिदीत कुणाला विचारलं नाही, मला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. ब्रश कपाटात गेला. खिशात मिसवाकची काडी आली, ती रोज्यात चालते. समोरचे सहा दात त्या काडीने असे लखलखीत झाले की शेजारणींनी कौतुक केलं. मागच्या दाढांखाली काडी पोचतच नाही. इफ्तारनंतर गोड कतायफ, साखरेचा चहा, बिया, आणि बसल्या जागी डुलकी. ब्रश कपाटातच.

वास येत होता. पण रमजानात कुणाच्या तोंडाला येत नाही? रोजेदाराच्या वासाला नाव ठेवायचं नाही, अल्लाला तो कस्तुरीहून आवडतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून कुणी काही बोललं नाही.

ईद झाली, तरी बाबा झियादला पाठमोरा मांडीवर घ्यायचे, तोंड बाहेरच्या बाजूला करून. बोलताना रुमाल ओठांशी. मला वाटलं, चला, शेवटी माझं ऐकलं. मी माझ्या नवऱ्याला, रऊफला, अभिमानाने सांगितलंसुद्धा, "बाबा बघ, किती जपतात." तो म्हणाला, "तुझ्या धाकापुढे कोण काय करणार!"

ईदच्या बिस्किटांचा डबा अजून संपला नव्हता. झियाद बाबांच्या मांडीवर वळला आणि त्यांच्या हसणाऱ्या तोंडात त्याने बोट घातलं. बोट बाहेर आलं, त्यावर पिवळट काहीतरी होतं आणि त्यात रक्ताची रेघ.

मी किंचाळले. मूल उचललं, नळाखाली त्याचं बोट धुतलं, पुन्हा धुतलं, साबण लावून धुतलं. परत आले तेव्हा बाबा तसेच बसले होते, तोंडावर हात ठेवून.

"उघडा."

"काही नाही गं, नशवा."

"बाबा, तोंड उघडा."

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि खालचा ओठ ओढला. दाढेखालची हिरडी दाबली आणि पू आला.

"दुखत नाही?"

"नाही ना! दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

क्ष-किरणांच्या फोटोत डावीकडच्या प्रत्येक स्क्रूभोवती काळी वाटी दिसत होती, तेवढं हाड खाल्लं गेलं होतं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर ईनास रागावल्या नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. "हाजी, दिवसा नको, पण इफ्तारनंतर तरी ब्रश फिरवायचा," एवढंच म्हणाल्या. त्यांनी हिरडी उघडून स्क्रू घासून घेतले, औषधं दिली. साखर आटोक्यात येईना. आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा पू. एकेक करून डावीकडचे स्क्रू काढावे लागले. काढावे तरी काय लागले, बोटांनी हलत होते.

बाबांनी काढलेला एक स्क्रू मागून घेतला. प्रकाशात धरून फिरवून पाहिला. "याला काहीच झालेलं नाही," ते म्हणाले. "स्क्रू तसाच आहे गं. लाकूड गेलं."

मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "खुर्चीचं भोक मोठं झालं की आम्ही काडेपेटीच्या काड्या आणि सरस घालतो. मग स्क्रू पुन्हा धरतो. तसं काही?"

"हाडाची भर घालता येते, हाजी," त्या म्हणाल्या. "पण ती धरून ठेवायला खाली चांगलं हाड लागतं. तुमच्याकडे ते आता नाही."

बाबांनी मान हलवली. ते कारागीर आहेत, त्यांना समजलं. मी मात्र आणखी दोन डॉक्टरांकडे फोटो नेले, कैरोपर्यंत गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं. डाव्या जबड्याच्या हाडात जंतू पसरलेत आणि तेवढा भाग कापून काढावा लागेल, हेही सांगितलं. उजवीकडच्या स्क्रूंभोवतीही तेच सुरू झालंय.

हाडातली नस दबून खालचा ओठ बधिर झालाय. परवा त्यांनी सवयीने खिळे तोंडात टाकले, आणि सगळे हनुवटीवरून मांडीत पडले. त्यांना ते कळलंही नाही. मी वेचून दिले. त्यांनी डबीत भरले आणि हातोडी भिंतीवर टांगली.

फूल, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या बिया, त्यांचा पातळ लगदा करून देते, तेवढा खातात. झियादला पहिल्या दाढा आल्यात. तो रस्कचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे दुडुदुडु जातो. आता मीच म्हणते, "बाबा, घ्या ना त्याचा पापा." ते मान वळवतात. "तूच म्हणाली होतीस ना?" म्हणतात, आणि हसल्यासारखं करतात. टोमणा आहे की नाही, मला कळत नाही.

काल शहात्ताकाका आले होते. बियांचा पुडा आणला नव्हता. हसताना चहाचा पेला तोंडासमोर धरत होते. मी म्हटलं, "काका, जरा दाखवा."

"ए बाई, तुझ्या बापाचं बघ आधी. माझं काही दुखत नाही." मग उठता उठता म्हणाले, "आता रमजान तोंडावर आलाय. होऊन जाऊ दे, मग बघू."

मी दारात उभी राहून हाका मारल्या. ते थांबले नाहीत. आज त्यांच्या घरी जाणार आहे. ते मला दार उघडतील असं वाटत नाही.

तुमच्याकडे असं कुणी असेल, नवे दात बसवलेलं, हल्ली जरा लांब बसणारं, बाळाला पाठमोरं घेणारं, तर त्यांच्याकडे जा. दुखतं का, असं विचारू नका. नाही म्हणतील, आणि ते खरंच सांगत असतील. खिडकीशी बसवा, खालचा ओठ ओढा, आणि हिरडी दाबून बघा.